तात्यांनी पाळणा घासला

आमचे घरमालक माणसाकडे नंतर बघत, आधी त्याच्या सामानाकडे. कसबा पेठेत खोली शोधत मी त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा माझ्या एका बगलेत वळकटी होती आणि दुसऱ्या बगलेत कलमदान. सरकारी दफ्तराच्या फडात नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो. मी हात जोडून नाव, गाव, गोत्र सांगायला सुरुवात केली. ते ऐकतच नव्हते. त्यांनी कलमदान माझ्या बगलेतून ओढून घेतलं, उजेडात धरलं आणि कोपऱ्यातला रंग नखाने उचकटला.

"हे कुणी रंगवलं?"

"ठाऊक नाही. वडिलांचं आहे."

"बरं झालं ठाऊक नाही. असतं, तर त्याच्या घरी जाऊन दोन शब्द बोलावे लागले असते. माडीवरची खोली घ्या. कलमदान इथेच राहू दे."

ते कलमदान मला तीन आठवड्यांनी मिळालं. तोवर मी फडात शेजारच्या कारकुनाच्या दौतीत लेखणी बुडवत होतो आणि तो दर वेळी खाकरत होता. परत आलं ते गर्द तांबडं होऊन, कडेने पिवळी वेल, आणि झाकण असं बेतलेलं की बोटाच्या टेकूने सरकावं. मी रागावून बोलायची तयारी करून खाली उतरलो होतो. मुकाट्याने वर घेऊन गेलो, आणि दिवा लावून किती तरी वेळ झाकण उघडत-मिटत बसलो.

आळीत त्यांना सगळे तात्या म्हणत. तेही एके काळी कारकूनच होते. तीस वर्षं लिहिलं आणि एका सकाळी घरीच राहिले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर लिहिला. प्रत्येक जण म्हणे, पुन्हा लिहा. लाकूड तसं म्हणत नाही." तेव्हापासून त्यांची सारी हयात ओसरीवर चालली होती. मोडके पाट, तडकलेले चौरंग, पाय गेलेले पलंग, वाळवीने अर्धे खाल्लेले देव्हारे, जे कुणी टाकून देई ते तात्या उचलून आणत. आधी राखेच्या पाण्याने धुवायचं, मग कोकणातून आणलेल्या शिंपल्याने जुना रंग खरवडायचा, मग खरवताच्या खरखरीत पानांनी घासायचं. भेगा चिंचोक्याच्या खळीने बुजवायच्या. त्यावर रंग, आणि रंगावर राळ घालून कढवलेल्या जवसाच्या तेलाचं रोगण. या रोगणाचा वास माडीवर माझ्या पांघरुणात शिरायचा. मी तक्रार केली की तात्या म्हणत, "फुकट वास घेता आणि वर कुरकुर करता."

रोगण कढवायला लागणारी कढई काकूंची. काकू म्हणजे तात्यांच्या पत्नी. त्या कधी चढ्या आवाजात बोलल्याचं मला आठवत नाही. फक्त वाढताना म्हणायच्या, "आज आमटीला राळेचा वास आहे. म्हणजे कढई घरी आली म्हणायची." तात्या खाली मान घालून दुसऱ्यांदा आमटी मागायचे.

जवसाचं तेल बिबवेवाडीचा एक शेतकरी आणून देई. पहिल्या खेपेला त्याने बुधला ओसरीवर ठेवून विचारलं, "तात्या, एवढं त्याल खायला हाय का लाकडाला पाजायला?"

"लाकडाला. पुण्यातली माणसं मुळातच तेलकट."

तो मनापासून हसला. पुढे तो आला की तेल देऊन जायचा नाही, रंग वाळेपर्यंत बसून राहायचा. तात्यांना अशीच माणसं आवडत, जी बसतात आणि सल्ला देत नाहीत.

सल्ला देणारी पुष्कळ होती. ब्राह्मणाने सुताराचं काम करावं का, यावर आळीत दोन तट पडले होते. एकदा चार प्रतिष्ठित मंडळी आळीतल्या म्हाताऱ्या सुतारालाच पुढे घालून तात्यांकडे आली, की बघा, या गरिबाच्या पोटावर पाय येतो. सुताराने ओसरीवर मांडलेल्या वस्तू एकेक करून हलवून पाहिल्या आणि म्हणाला, "करू द्या त्यांना. रंग देव देईल असा देतात. पण सांधे यांनी जोडायचे आणि महिन्याने मी दुरुस्त करायचे, असं आमचं ठरलेलं आहे. माझं बरं चाललंय." मंडळी आली तशी परतली. तात्या मात्र सांध्यांबद्दलचं बोलणं मनाला लावून घेऊन दोन दिवस सुताराशी बोलले नाहीत.

आता श्राद्धाची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आळीत अजून कुणी पाटावर बसताना आधी हात लावून बघतं ते त्या दिवसापासून. पितृपंधरवड्यात तात्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. ब्राह्मणांना जुन्या कळकट पाटांवर कसं बसवायचं, म्हणून तात्यांनी दोन दिवस आधी सगळे पाट रंगवून रोगण दिलं. त्यांचंच एक वचन होतं, "घाईचा रंग आणि घाईची सोयरीक पावसाळ्यात उकलते." ते वचन ते दुसऱ्यांना सांगत. हवा भाद्रपदातली, दमट. ब्राह्मण बसले, जेवले, तृप्त झाले, आणि उठायला लागले तर पाटही उठायला लागले. सोवळी अशी चिकटली होती की कुणाला ना उठता येईना ना बसता येईना. सगळे अर्धवट वाकलेले. त्यातले सर्वांत वयस्कर भटजी शांतपणे म्हणाले, "यजमान, पाट दक्षिणेत धरलेत की निराळे?" काकूंनी कोमट पाणी आणि खोबरेल आणलं आणि एकेकाला सोडवलं. मी हसू आवरायला माडीवर पळालो. वडील तृप्त झाले का, असं मी संध्याकाळी विचारलं, तर तात्या म्हणाले, "न व्हायला काय? इतका वेळ श्राद्धाला बसलेले ब्राह्मण दुसऱ्या कुणाच्या बापाला मिळाले असतील?"

असा हा माणूस. मी त्यांच्यावर चिडायचो आणि त्यांच्यावाचून मला करमायचं नाही. लग्न झाल्यावर बायकोला आणलं तेही त्याच माडीवर. तिने तात्यांशी कधी शब्द बोलायचा प्रश्न नव्हता, तशी रीतच नव्हती. काकूंशी मात्र तिचं जमलं, इतकं की मला जेवायला उशीर झाला तर दोघी मिळून बोलायच्या.

आमचं पहिलं मूल वीस दिवसांचं होऊन गेलं. माझ्या सासऱ्यांनी हौसेने नवाकोरा शिसवी पाळणा करून पाठवला होता, त्यात ते निजायचं. त्यानंतर बायकोने तो पाळणा नजरेसमोर नको म्हणून सांगितलं आणि मी तो परत धाडला. आम्ही त्या मुलाबद्दल एकमेकांशी बोलत नव्हतो. मला बोलता येत नव्हतं, हे खरं.

दीड वर्षाने तिला पुन्हा दिवस राहिले तेव्हा काकू तिला म्हणाल्या, "या खेपेला आपल्या आळीचा पाळणा आणायचा."

हा पाळणा कुणा एकाचा नव्हता. ज्या घरी मूल व्हायचं असेल त्या घरी तो जायचा. मूल त्यातून उतरून आपल्या पायांनी चालायला लागलं की आई त्याचा अंगठा काजळात बुडवून पाळण्याच्या उशाकडच्या फळीवर उमटवायची, आणि मग पाळणा पुढच्या घरी. सतरा अंगठे होते त्यावर. त्यात निजलेलं एकही मूल गेलं नाही, असं आळीतल्या बायका छातीवर हात ठेवून सांगत. बायको सातव्या महिन्यात तो पाळणा बघून आली आणि रात्री मला म्हणाली, "मी बोट लावून मोजले. सतराच्या सतरा आहेत." त्या रात्री ती किती दिवसांनी गाढ झोपली.

श्रावणातल्या एका मंगळवारी पाळणा आमच्याकडे आला. बायको आणि काकू जोगेश्वरीला गेल्या होत्या. मी फडात होतो. दोन गड्यांनी पाळणा आणून ओसरीवर ठेवला आणि ते निघून गेले. आणि घरात तात्या एकटे.

पाळणा साठ वर्षांचा. तेलकट, धुरकट, तुपाच्या हातांनी काळा पडलेला. मांजरापुढे दुधाचं पातेलं उघडं ठेवून आपण देवळात गेल्यासारखं झालं. मी संध्याकाळी परतलो तर बायको आणि काकू ओसरीच्या पायरीशी उभ्या होत्या, आणि वर तात्या, घामाने निथळत, खोबऱ्यासारख्या पांढऱ्या दिसणाऱ्या पाळण्यापाशी. शाबासकीची वाट बघत होते.

"मळाचे चार थर निघाले!" मला बघून ते म्हणाले. "आणि उशाशी काय काळं माखून ठेवलं होतं! सगळीकडे अंगठे पुसलेले. लोकांना शिस्त म्हणून नाही. आता यावर फक्त गेरू आणि पिवडी देणार. हरताळ नाही, हिंगूळ नाही. पोर पाळणा चाटतं, पोटात विष जायला नको. सगळा विचार केलाय मी."

बायको माझ्या बाजूने निघून माडीवर गेली. जिन्यात तिची पावलं मोठ्याने वाजली.

काकूंनी मग त्यांना सांगितलं. सावकाश, एकेक गोष्ट. तात्यांच्या हातातला शिंपला तसाच होता.

"हे मला कुणी का नाही सांगितलं? चाळीस वर्षं या आळीत राहतोय मी."

"सांगणार कधी?" काकू म्हणाल्या. "हा पाळणा आपल्या घरी कधी आला, म्हणून सांगणार?"

मी तिथून निघून गेलो. त्या दोघांमधलं ते बोलणं ऐकायचा मला अधिकार नव्हता.

आठ दिवस ओसरीवर काम बंद होतं. तेल घेऊन आलेला शेतकरी बसला आणि तसाच उठून गेला. आळीत बातमी पोचलीच होती. बायका येऊन हळहळून जात, "पुण्याई धुतली हो पाळण्याची," आणि त्यांचं प्रत्येक वाक्य माडीवर ऐकू जाई. बायको कुणाला दोष देत नव्हती. मला एवढंच म्हणाली, "तो आता नवा पाळणा झाला. मी माझं मूल त्यात घालणार नाही. जमिनीवर निजवीन, मांडीवर निजवीन, पण त्यात नाही." ती नीट जेवेनाशी झाली. मी फडातून येताना रोज मनात तात्यांना शिव्या घालत यायचो आणि दारात त्यांचा चेहरा बघून त्या गिळायचो.

नवव्या दिवशी सकाळी तात्या काकूंसमोर कागद-दौत घेऊन बसलेले दिसले. "सांगा," ते म्हणाले. काकू तांदूळ निवडत सांगत होत्या, आणि तात्या तीस वर्षांच्या सवयीने याद लिहीत होते. पहिला अंगठा कुणाचा, दुसरा कुणाचा, कुणाच्या नंतर कुणाच्या घरी. त्या सतरापैकी एकही नाव काकूंना आठवावं लागलं नाही. ज्या पाळण्याने त्यांच्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, त्याचा सगळा वंश त्यांना पाठ होता.

मग तात्यांनी पगडी घातली, अंगरखा चढवला आणि बाहेर पडले. दारोदार. पावसाळा होता म्हणून शिलेदार मंडळी घरी होती, दसरा उलटला असता तर अर्धे अंगठे मुलूखगिरीवर गेले असते. पहिलं घर शास्त्रीबुवांचं. ते साठीचे, भारदस्त, त्यांच्या पाठशाळेत मुलं श्वासही जपून घेत. मी तात्यांबरोबर होतो, कारण भांडण झालं तर साक्षीला कुणी असावं असं मला वाटलं.

"पाळण्यावर अंगठा?" शास्त्रीबुवा म्हणाले. "काजळात बुडवून? मी?"

"आपण. पहिला अंगठा आपला होता."

"तात्या, माझं वय काय, आपण बोलता काय?"

"शास्त्रीबुवा, तो पाळणा मी तळापर्यंत खरवडलाय. सर्वांत खालच्या थरात आपण होता. वास मी घेतलाय. आपण त्यात काय काय करून ठेवलं होतं ते आळीत सांगू, की उद्या सकाळी येता?"

शास्त्रीबुवा उद्या सकाळी आले.

नुसते ते नव्हे, सगळे आले. सतरापैकी चौदा स्वतः आले. त्यांत एक मामलेदार होते, एक अत्तर विकणारा गंधी, येरवड्याला दिलेली एक लेक नदीला पाणी असताना नावेने आली, आणि एक दांडगा शिलेदार, ज्याच्या मिशांना आळीतली कुत्रीही वाट देत. त्याची आई त्याच्याबरोबर होती. तिने त्याचं मनगट धरलं, अंगठा काजळात दाबला आणि म्हणाली, "हलू नकोस मेल्या, तेव्हाही असाच हलला होतास." तो लाजून कानापर्यंत लाल झाला. ओसरी हसून कोसळली. काकू काजळाची वाटी घेऊन बसल्या होत्या आणि यादीतल्या क्रमानेच पुढे सोडत होत्या. मामलेदार मध्ये घुसायला बघत होते, तर म्हणाल्या, "तुम्ही अकरावे."

दोन लेकी लांब कोकणात दिलेल्या, त्यांच्या आया आल्या. आणि उरलेल्या एका अंगठ्यासाठी एक म्हातारी एकटीच आली. तिचा मुलगा उत्तरेच्या स्वारीत गेला तो परतला नव्हता. ती येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. तिने आपला अंगठा फळीवर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. "यातून तो आपल्या पायांनी उतरला होता," ती म्हणाली. "या डोळ्यांनी बघितलंय मी." तात्यांनी पगडी काढून हातात घेतली. मी रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

तेव्हा माझी बायको जिन्यातून खाली आली. इतक्या माणसांसमोर ती कधी आली नसती. पाळण्यापाशी बसून तिने बोट लावत एकेक अंगठा मोजला. सतरावर थांबली. मग पदर सावरून, तात्यांकडे न बघता पण त्यांनाच, म्हणाली, "तात्या, यावर रोगण नका लावू हं."

चार वर्षांत तिने त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. तात्यांनी तोंड उघडलं. रोगण दिलं असतं तर अंगठे शंभर वर्षं टिकले असते, हे त्यांच्या ओठावर आलेलं मला स्पष्ट दिसलं. काकूंनी एकदा बघितलं आणि तात्यांनी तोंड मिटलं.

आश्विनात आम्हाला मुलगी झाली. बारशाला बायकोने तिला स्वतःच्या हातांनी पाळण्यात घातलं, आणि हात काढून घेतला. विसाव्या दिवशी ती रात्रभर पाळण्याला टेकून बसली होती, मीही तिच्या शेजारी बसलो, आणि त्या रात्री पहिल्या मुलाबद्दल आम्ही एकमेकांशी बोललो. एकविसाव्या दिवशी सकाळी मुलगी भुकेने अशी कोकलली की तात्या खालून ओरडले, "अहो, पाजा तिला, रंग थरथरतोय माझा!"

ती चालायला लागली पुढच्या कार्तिकात. तोवर पाळणा पुढच्या घरी बोलावला गेला होता, गंध्याच्या सुनेला नववा लागला होता. सकाळी सगळे ओसरीवर जमलो. तात्या पाळणा स्वतः पोचवणार म्हणून परीटघडीचं पांढरं उपरणं घेऊन बसले होते. बायकोने मुलीचा अंगठा काजळात बुडवला, फळीवर अठरावा उमटवला, आणि हात पुसायला फडकं घेईपर्यंत मुलगी तिच्या मांडीवरून निसटली. डुलत, धडपडत, दहाएक पावलं तिने टाकली आणि तात्यांच्या उपरण्याला गच्च पकडून उभी राहिली. सोडलं तेव्हा पांढऱ्या उपरण्यावर छातीपाशी काळाभोर अंगठा.

"थांबा, दुसरं उपरणं आणते," काकू उठत म्हणाल्या.

"काही नको."

तात्यांनी पाळणा डोक्यावर घेतला आणि तसेच निघाले. मी मागून चालत होतो. वाटेत दोघातिघांनी सांगितलं, तात्या, उपरणं खराब झालंय. तात्या पाळणा सावरत पुढे चालतच राहिले. गंध्याच्या दारात शास्त्रीबुवा उभे होते, त्यांनीही तेच सांगितलं, तेव्हा मात्र ते थांबले.

"असू दे, शास्त्रीबुवा," तात्या म्हणाले. "आमच्या घरची पोर चालायला लागली."